केळीच्या चेंबरमधलं पिस्तूल

दसरा जवळ आला की जळगावात ऊन परत येतं. मे महिन्यातलं ऊन सरळ असतं, समोरून मारतं. हे ऑक्टोबरचं चिकट. पावसाची ओल जमिनीत अजून असते, ती वर उठते आणि सदरा पाठीला धरून बसतो. भुसावळ रस्त्याला कापसाच्या पहिल्या गाड्या दिसायला लागतात, त्यांच्यातून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून राहतो. माझ्या केळीच्या धंद्याला हे दिवस बरे. सणवार, उपासतापास, मागणी असते. पण गेली दोन वर्षं हे ऊन आलं की माझं डोकं तापतं, आणि ते काही उन्हाने नाही.

परवा तेजूने कपाटावरची काळी पेटी खाली काढली. तेजू माझी मुलगी, आता कॉलेजात आहे. पेटी उघडली तसा तेलाचा आणि जुन्या स्पंजचा वास खोलीत पसरला. तिने पिस्तूल हातात घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहिली, डावा हात कमरेला, उजवा सरळ. छर्रा नाही, हवा नाही, नुसता ट्रिगर. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. तो आवाज स्वयंपाकघरात आला आणि मी हातातला कप खाली ठेवला. मला तो सगळा हंगाम आठवला. आठवला म्हणजे काय, तो गेलेलाच नव्हता.

मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातला. जळगावात आलो तो ट्रकमध्ये केळीचे घड चढवायला. खांद्यावर गोणपाट, त्यावर घड, आणि केळीचा चीक सदऱ्याला लागला की तो डाग जन्मात जात नाही. आज भुसावळ रस्त्यावर माझी स्वतःची केळी पिकवायची चेंबर आहेत. मला कोणी काही दिलेलं नाही. जागा भांडून घेतली, यंत्रं भांडून घेतली, लग्नातला मांडवसुद्धा भांडून ठरवला. माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. असेल. ट्रक चालू असताना बोलायची सवय आहे.

अशा माणसाच्या घरात नेमबाज निपजला. शाळेने एकदा मुलांना मेहरूण तलावाकडच्या रेंजवर नेलं. तिथले सर, रेंजही त्यांची आणि क्लबही त्यांचाच, संध्याकाळी मला फोन करून म्हणाले, "हिचा हात शांत आहे." माझ्या घरात कोणाचं काही शांत असू शकतं यावर माझा विश्वास बसेना. मी जाऊन पाहिलं. खरंच. पोरगी श्वास सोडून थांबली होती आणि पिस्तुलाच्या टोकावरची, नेम धरायची माशी तसूभर हलत नव्हती. पहिली गाडी माल भरून दिल्लीला रवाना केली होती तेव्हा वाटलं होतं, तसं मला वाटलं.

दोन वर्षं ती रेंजच्या पिस्तुलावर शिकली. अनेक हातांतून गेलेलं ते पिस्तूल, मूठ गुळगुळीत, तिच्या हाताला मोठी. मग सर म्हणाले, आता स्वतःचं हवं. त्यांच्या ऑफिसात काचेचं कपाट होतं. आत परदेशी पिस्तुलं, निळी, चंदेरी, लाकडी मुठीची. खेळायचं हे पिस्तूल हवेवर चालतं, हे मी सगळ्यांना सांगून दमलो आहे. शेजारचे नाना अजून मला हळूच विचारतात, "भाऊ, लायसन काढलं ना?" मी सरांना भाव विचारला. सर हसले आणि म्हणाले, "भाऊ, मुलीचं भविष्य आहे हो. यात भाव काय करता?"

मी धंद्यात एक शिकलो आहे. ज्याला भाव सांगायचा नसतो, तो भविष्य काढतो.

तो आकडा मी इथे लिहीत नाही. लिहिला तर पुन्हा रक्तदाबाची गोळी घ्यावी लागेल.

मग मी अभ्यास केला. केळी घेताना मी घड हातात धरतो, देठ बघतो, साल नखाने दाबतो, मग तोंड उघडतो. पिस्तुलाचंही तसंच केलं. त्या उन्हाळ्यात दुपारी चेंबरच्या ऑफिसात कूलरसमोर बसून मी फोनवरून नाशिक, पुणे, इंदूर इथल्या लोकांना छळलं. हळूहळू उमगलं की महागाचं आणि चांगलं यांत फरक आहे. पिस्तुलाने करायचं काय? प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने सोडायचा. बस. पहिला जसा, शेवटचा तसा. त्याला हवा मोजून देणारा एक भाग असतो, रेग्युलेटर म्हणतात. तो इमानदार हवा. मूठ हाताला बसणारी हवी, कारण हात पिस्तुलासाठी बदलता येत नाही. आणि वॉशर फाटला तर तो आठवड्यात कुरिअरने यायला हवा. परदेशी पिस्तुलाचा वॉशर बोटीतून येईपर्यंत पोरीचं लग्न व्हायचं.

आपल्याच देशात बनलेलं एक पिस्तूल होतं. सरांच्या कपाटातल्यापेक्षा निम्म्याहून कमी किमतीत. दिसायला साधं, करडं, एखाद्या कारकुनासारखं. तेजूला घेऊन मी पुण्याला गेलो. दुकानदार तरुण होता, पण तयारीचा.

"पिस्तूल शिकंज्यात धरा आणि पाच छर्रे मारून दाखवा," मी म्हणालो.

"काका, कंपनीची टेस्ट असते, कागद मिळतो सोबत."

"कागद मी पण छापतो. मारून दाखवा."

त्याने मारले. पाच छर्रे, कागदाला एकच भोक, कडा थोड्या फाटलेल्या. मी दुसरं काढायला लावलं. मग तिसरं. तेजू लाजून दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. तिन्हींमधलं सगळ्यात लहान भोक पाडणारं मी उचललं, मग भावाला बसलो. त्याने पाणी मागवलं, मग चहा, मग स्वतःच्या वडिलांना फोन लावला. शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या." मी वर एक जादा सिलिंडर आणि हातपंप घेऊन निघालो. परतीच्या गाडीत तेजूने पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. मनमाडपर्यंत झोपली नाही. मला वाटलं, जगात याहून चांगला सौदा झालेला नाही. आजही वाटतं. पिस्तुलात खोट नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार.

दुसऱ्या दिवशी ती रेंजवर गेली आणि रिकामं सिलिंडर घेऊन परत आली. या सिलिंडरात दाबाने हवा भरावी लागते. रेंजवर त्यासाठी मोठी टाकी होती, सगळी मुलं तिथेच भरायची. सरांनी तिला सांगितलं होतं, "ज्यांनी पिस्तूल रेंजमधून घेतलं, त्यांच्यासाठी आहे ती."

मी गेलो. तेव्हा आवाज लहान ठेवला होता, देवाशपथ. म्हणालो, "सर, हवेचा भाव सांगा. देतो."

"हवा विकायला नाही भाऊ. जिथून पिस्तूल घेतलं, तिथून हवा पण आणा."

पुण्याहून. हवा. आयुष्यात मला पहिल्यांदाच असा माणूस भेटला की ज्याला माझे पैसे नको होते, मी नमायला हवा होतो.

मग तो हंगाम सुरू झाला. हातपंपाचा.

तो पंप सायकलच्या पंपासारखाच दिसतो, पण सुरुवातीला गोड बोलतो आणि शेवटी माणसाचा जीव मागतो. पहिले काही दट्टे लोण्यासारखे जातात. मग दांडा जड होतो, मग पूर्ण अंगाचा भार टाकून, पोट दांड्यावर ठेवून खाली रेटावा लागतो. पंप तापतो, थांबावं लागतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. म्हणून आम्ही चेंबरमध्ये जायचो. एक चेंबर त्या महिन्यात रिकामं होतं. लांब, चारी बाजूंनी बंद, थंडगार. दहा मीटर सहज निघत होते. एका टोकाला क्रेट रचून त्यावर दिवा आणि कागदी लक्ष्य लावलं. दुसऱ्या टोकाला तेजू. मी दाराशी पंप घेऊन.

आजही डोळे मिटले की ते दिसतं. दुधी प्रकाश, शेजारच्या चेंबरमधून येणारा पिकत्या केळीचा गोड, किंचित नशिला वास. आम्ही तिथे फरशीवर पाणी मारून ठेवतो, हवेत ओल राखावी लागते, नाहीतर केळीची साल सुकते आणि माल उतरतो. त्या ओल्या फरशीत दिवा उलटा दिसायचा. तेजूच्या हातावर गारठ्याने काटा यायचा. श्वास आत, श्वास बाहेर, मग काहीच नाही, आणि मग फट्. त्या मधल्या काहीच-नाहीत मी पण श्वास धरायचो. कोणी मला असं गप्प बसवलेलं नव्हतं कधी.

माझी मोठी बहीण, अक्का, गावाहून आली होती. दारात उभी राहून तिने मला पंपावर लोंबकळताना पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "आरे, हाई पिस्तूल शे का सायकलना पंप शे? पोर नेम धरस, बाप हवा भरस. बठ्ठं घर कामले लागनं!"

"तू बी ये, दोन दट्टा मार," मी म्हणालो.

आणि ती आली. पदर खोचून, साठी उलटलेली बाई, दांड्यावर अशी बसली की पंप करकरला. तेजू इतकी हसली की त्या दिवशीचे तिचे छर्रे क्रेटात गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सर चेंबरवर आले. रेंजवर दुसऱ्या दिवशी शस्त्रपूजा असते, सगळी पिस्तुलं झेंडूच्या फुलांत मांडतात, प्रसादाला केळी लागतात. मी पंप मारत होतो. सर दारात थांबले. त्यांनी ओली फरशी पाहिली, भिंतीवरून ओघळणारं पाणी पाहिलं, पंप पाहिला, सिलिंडर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, शरमले असतील. मी घाम पुसून त्यांच्यासाठी स्वतः निवडून एक क्रेट काढलं. पैसे घेतले नाहीत, सणाचं काम होतं. "छान चाललंय तुमचं," ते म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पूजेत आमचं करडं पिस्तूल पाटाच्या कडेला होतं. फुलं तिथपर्यंत पुरली नव्हती. प्रसाद मात्र माझा.

विभागीय स्पर्धा धुळ्याला होती. तिथे एक ठरावीक गुणसंख्या गाठली की राज्य स्पर्धेला जाता येतं. बारावीच्या आधीचं ते तेजूचं शेवटचं वर्ष होतं, पुढच्या वर्षी अभ्यास, असं घरात ठरलेलं. म्हणजे जे व्हायचं ते तिथेच. सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. धुळ्याचं ऊन जळगावच्या उन्हाचा भाऊ, पण कोरडा, खडबडीत. हॉलमध्ये पालकांनी मागे बसायचं, बोलायचं नाही. मी बोललो नाही. लोकांनी लक्षात घ्यावं.

सुरुवात सुरेख झाली. पडद्यावर ठिपके मधोमध पडत होते. मग एक ठिपका खाली गेला. मग एक बरोबर. मग दोन खाली. तेजूने हात खाली घेतला, मनगट हलवलं, पुन्हा उभी राहिली. तिला वाटत होतं चूक तिची आहे. मला लांबूनसुद्धा दिसत होतं की तिचा हात हलत नाहीये. माशी दगडासारखी आणि ठिपका खाली. तिने मागची साइट, म्हणजे नेमाची खाच, वर केली, तर पुढचा छर्रा वर गेला. पिस्तूल एकदा हे म्हणत होतं, एकदा ते. शेवटी शेवटी सिलिंडरजवळून बारीक सीऽऽ असा आवाज यायला लागला. ती रडली नाही. शेवटपर्यंत एकेक छर्रा तितक्याच शांतपणे मारत राहिली, आणि मला त्या शांतपणाचाच जास्त त्रास झाला. गुण गाठता आले नाहीत.

बाहेर चहाच्या टपरीवर सर उभे होते. ग्लासात फुंकर मारत म्हणाले, "हातपंपाची हवा, त्यात तुमचं ते ओलं चेंबर. आत पाणी गेलं असणार. मला वाटलंच होतं."

मला वाटलंच होतं.

मी माझा ग्लास फेकला नाही, खाली ठेवला, हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. तेजूने माझा हात धरला होता, मनगटापाशी, घट्ट.

पिस्तूल पुण्याला पाठवलं. दुकानदाराने उघडलं आणि फोन केला, "काका, हे कुठे तापीत बुडवलं होतं का?" रेग्युलेटर आतून गंजलेला. पंप हवा घेतो ती आसपासचीच घेतो. आम्ही महिनाभर केळीसाठी राखलेली ओल दाबून दाबून त्या बिचाऱ्याच्या पोटात भरली होती. बाहेर उन्हात पंप मारला असता तर निभावलं असतं. केळीवाल्याखेरीज असं कोणाच्या हातून होणार नाही. दुकानदाराने रेग्युलेटर बदलून दिला, पिस्तूल पुन्हा पहिल्यासारखं झालं. हंगाम परत आला नाही.

मला न कळण्याचा राग नाही. मला नव्हतं माहीत, ठीक. पण त्यांना माहीत होतं. ते दारात उभे होते. एक वाक्य होतं फक्त, "भाऊ, इथे नका भरू." आमच्या धंद्यात आम्ही भावासाठी एकमेकांचे गळे धरतो. माझ्या शेजारच्या चेंबरवाल्याशी मी कित्येक वर्षं बोलत नाही. पण त्याचं यंत्र बंद पडल्याचं मला भिंतीपलीकडच्या आवाजावरून कळलं की मी फोन करतो. "बंद पडलंय," एवढंच बोलतो आणि ठेवतो. तोही करतो. माल कुजू देत नाही कोणी कोणाचा. भाव वेगळा, कुजवणं वेगळं. हा फरक कळायला नेमबाजी यावी लागत नाही.

त्यानंतर मी जे केलं ते रागानेच केलं, उगाच समाजसेवा म्हणवून घेणार नाही. एका पालकाला पिस्तूल निवडून दिलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं. आता अमळनेर, चोपडा, पार पिंपळनेरहून फोन येतात. "केळीवाले भाऊ का? पोरीसाठी पिस्तूल घ्यायचंय." मी सगळं सांगतो. आधी मूठ बघा, मग रेग्युलेटर. शिकंज्यात धरून मारून दाखवायला लावा. जुनं घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख वाचा, मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. वॉशर कुठून येतो ते विचारा. आणि हवा कोरड्या जागी भरा, कोरड्या, ऐकलंत का? हे शेवटचं मी ओरडून सांगतो. सरांच्या कपाटावर धूळ बसते आहे असं ऐकतो. ऐकून झोप छान लागते.

पण यंदा तेजूला परत खेळायचं आहे. आणि स्पर्धेत नाव क्लबमार्फतच जातं.

काल आम्ही दोघं मेहरूणला गेलो. तिच्याच स्कूटरवर, मी मागे. सरांनी बसायला सांगितलं, पंखा लावला. अर्जावर सही हवी होती. सरांनी पेन काढलं, टोपण काढलं आणि थांबले.

"भाऊ, तुम्ही बोलता फार. लोकांना सल्ले देणं बंद करा. मी आत्ता सही करतो."

मला राग यायला हवा होता. आला पण. पण त्याच्याही आधी माझ्या डोक्यात तराजूचा काटा हलायला लागला, ती सवय जात नाही. मी म्हणालो, "जळगाव बंद करतो. बाहेरगावचे फोन घेणार."

"सगळे बंद."

"मग या हंगामापुरते. दिवाळीनंतर बघू."

"सगळे. कायमचे."

"सर, असं कसं, थोडं तुम्ही सरका, थोडं मी..."

तेजूने टेबलावरचा अर्ज उचलला, घडी घातली, पेटी घेतली. "चला पप्पा," म्हणाली. "धुळ्याच्या क्लबच्या मॅडमशी माझं बोलणं झालंय. त्या नाव घालतात. दर रविवारी सरावाला जावं लागेल, एवढंच."

मी मनात म्हटलं, शाब्बास! माझी पोरगी. सौद्यात उठून निघण्याची एक वेळ असते. आधी उठलात तर समोरच्याला वाटतं गरज नाही, उशिरा उठलात तर कळतं की गरजच आहे. तिने नेमकी वेळ साधली होती. धुळ्याच्या मॅडमचं तर काय सुंदर रचलं होतं! मी पण उठलो, तोंड पाडलं, आणि निघालो. अशा वेळी पावलं हळू टाकायची असतात आणि कान मागे ठेवायचा असतो.

ती मात्र भराभर चालत होती.

"हळू," मी दबक्या आवाजात म्हणालो. "हाक मारतील."

"कोण?"

तिने स्कार्फ बांधला, पेटी पायाशी ठेवली, गाडी चालू केली. मी मागे बसलो तोवर सर फाटकापर्यंत आले होते. हातात पेन तसंच. "भाऊ! अहो भाऊ, या ना, बसून बोलू! सही करतो, या!"

विनाअट. माझ्या आयुष्यातला पुण्यानंतरचा सर्वांत मोठा सौदा, फाटकात उभा राहून हाका मारत होता.

"थांब! अगं थांब, बोलावताहेत!"

"ऐकलं मी."

"मग? सही करतोय तो! आपण जिंकलो!"

"पप्पा, मॅडमना मी खरंच फोन केला होता," ती म्हणाली आणि वेग वाढवला. तलावावरून गरम वारा येत होता, तिच्या स्कार्फचं टोक माझ्या तोंडावर फटाफट आपटत होतं, आणि मी बस स्टँडपर्यंत तिच्या कानात ओरडत राहिलो की असा पदरात पडलेला सौदा कोणी रस्त्यात टाकून जातं का. तिने गाडी उभी केली, चौकशीच्या खिडकीशी वाकली आणि रविवारी धुळ्याची पहिली गाडी कितीला सुटते ते विचारलं.